झाकणभर फिनाईल

मी एकतीस वर्षं मलेरिया खात्यात काढली. नाल्या, टाक्या, जुने टायर, कुंड्या, कूलर, जिथं म्हणून पाणी साचतं तिथं वाकून पाहणं हे माझं काम. आमच्या वस्तीत, इंदोऱ्यात, मला आनंदराव म्हणून ओळखणारे कमी, ‘मच्छरवाले काका’ म्हणून ओळखणारे जास्त. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत कुणाला ताप आला की लोक आधी मला विचारतात, मग डॉक्टरला. याचा मला फार अभिमान होता. होता असं म्हणतो, कारण या उन्हाळ्यात तो चांगलाच उतरला. कसा उतरला ते मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं.

घरात आम्ही पाच जण. मी, माझी बायको अंजना, मुलगा रोशन, सून भूमिका आणि त्यांची आठ वर्षांची नूपुर. रोशन एका कंपनीत हिशेबनीस आहे, भूमिका शाळेत गणित शिकवते. नूपुर तीन वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ झोपते. हॉलमध्ये माझा पलंग, त्याला लागून खाली तिची गादी, आणि समोर गॅलरीच्या खिडकीत कूलर. झोपायच्या आधी तिला नोकरीतली एक गोष्ट लागते. कुणाच्या टाकीत बेडूक निघाला, कोणत्या बाईनं मला चोर समजून लाटणं उगारलं, असलं काही. गोष्टी संपल्या तशा मी बनवून सांगू लागलो. ते तिला समजतं, पण ती चालवून घेते.

होळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे कूलर निघाला. रोशननं तिन्ही बाजूंना गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी भरली, पाण्याचा पंप साफ केला. आठवडाभरात नूपुर खोकायला लागली. आधी वाटलं, आईस्क्रीम खाल्लं असेल. मग वाटलं, ऋतू बदलला. पण खोकला रात्री वाढायचा, आणि एके दिवशी सकाळी तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला तेव्हा भूमिकानं शाळेला सुट्टी टाकली आणि आम्ही तिला घेऊन डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण विचारायची पद्धत एकदम आमच्या खात्यासारखी. औषधाचं कमी आणि घराचंच जास्त. फरशी कशानं पुसता? मच्छरांसाठी काय लावता? अगरबत्ती किती? बाथरूममध्ये ऍसिड ओतता का? कपाटात डांबरगोळ्या आहेत? खोलीत सुगंधाचा फवारा मारता? आम्ही प्रत्येकाला हो म्हणत गेलो आणि त्या चिठ्ठीच्या मागं लिहीत गेल्या. शेवटी म्हणाल्या, “श्वासनळ्या नाजूक आहेत हिच्या. घराघरांत असतात याच वस्तू, पण हिला सोसत नाहीत. पंधरा दिवस हे सगळं घराबाहेर काढा. फरक पडला नाही तर पुढं काय ते पाहू.”

घरी येताना रोशननं गाडी चालवता चालवताच सांगून टाकलं, “बाबा, फरक नाही पडला तर मी मनीषनगरकडे फ्लॅट पाहतो. तिकडे मोकळं आहे, हवा चांगली आहे. मले तिकडून ऑफिसही जवळ पडते.”

“आन् आमी?” मी विचारलं.

“तुमाले घर सोडवन का?”

सोडवणार नव्हतंच. हे घर मी विटेविटेला पाणी मारून बांधलेलं आहे. म्हणजे ते तिघं जाणार आणि आम्ही दोघं राहणार, हे उघड होतं.  नूपुर गेली तर माझ्या दिवसात काय उरतं हे मला माहीत होतं: पेपर, बीपीची गोळी आणि अंजनाचे टोमणे. म्हणून मी ठरवलं की हे घर असं स्वच्छ करायचं की पोरीचा खोकलाच पळाला पाहिजे. आणि या कामाला घरात माझ्याइतका लायक माणूस कोण होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोहीम उघडली. दोन रिकामी पोती घेतली आणि खुर्ची टाकून हॉलच्या मध्यभागी बसलो. बाथरूममधून ऍसिडच्या बाटल्या आल्या. स्वयंपाकघरातून झुरळांचा खडू, मुंग्यांची पावडर, ओटा चकचकीत करायचा फवारा. रोशनच्या कपाटातून अंगावर मारायचे दोन सेंट. बेडरूममधून भिंतीत खुपसायचं मच्छरांचं मशीन. गोधड्यांतून डांबरगोळ्या, ज्यांचा वास पोतं बांधल्यावरही दोन दिवस नाकात राहिला. सायकलवर कॅन घेऊन येतो त्याच्याकडून घेतलेलं पाच लिटर पांढरं फिनाईल. एवढ्या वस्तू घरात होत्या हे मलाही माहीत नव्हतं. पूर्वी आमची आई एक साबणाची वडी आणि राख एवढ्यावर घर चालवायची. हे मी बोलून दाखवलं.

“आई कुडाच्या घरात राहत होती,” अंजना म्हणाली. “फरशी कुठं होती पुसाले?”

भूमिकाच्या वस्तूंकडे मी जरा जास्तच लक्ष दिलं, हे कबूल करतो. तिच्या टेबलावर नखांना लावायचं, ते पुसायचं, केसांवर मारायचं, असलं पुष्कळ होतं. मी एकेक बाटली उघडून वास घेतला आणि म्हणालो, “हे पाय, हेच असन. याचा वास मलेच सहन होऊन नाही राहिला, तर त्या लेकराले कसा होईन?”

 भूमिकानं सगळं उचलून स्वतः पोत्यात टाकलं. तिची ही सवयच आहे, राग आला की ती गप्प राहून काम करते. माझं पोरगं नेमकं उलटं, बोलतं आणि काम करत नाही.

अंजनाची पाळी शेवटी आली. रोज सकाळी ती बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावते, दोन अगरबत्त्या लावते आणि वंदना म्हणते. लग्न होऊन आली तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. बाळंतपणातसुद्धा दवाखान्याच्या खाटेवर बसून म्हटली होती. ती म्हणाली, “एक लावीन. मागच्या गॅलरीत लावीन, दार लावून घेईन. तेवढं तरी ठेवा.” ते आम्ही ठेवलं.

फरशी आता नुसत्या पाण्यानं आणि थोड्या साबणानं पुसली जाऊ लागली. बाथरूमला खायचा सोडा आणि ब्रश. खिडक्यांना जाळ्या लागल्या. भूमिकानं हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं, आणि मी रोज सकाळी तो कागद वाचून कोण चुकतंय ते पाहायचो.

एवढं सगळं केलं. आणि फिनाईलची एक बाटली मागं ठेवली. पाच लिटरचा कॅन पोत्यात घालायच्या आधी मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत लिटरभर काढून घेतलं आणि गॅलरीत कूलरच्या मागं ठेवून दिलं.

हे का केलं ते नीट सांगायला पाहिजे. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढायचं, टाकी आतून पुसायची, कोरडी करायची, मग भरायची. नाही तर त्यात अळ्या होतात आणि डेंगूचा मच्छर तिथंच जन्मतो. हे वाक्य मी हजारो घरांत सांगितलेलं आहे. पण कूलरच्या टाकीचा बूच असतो अगदी तळाला. तो काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, मान वाकडी करून हात आत घालावा लागतो. दोन वर्षांपासून मला ते होत नव्हतं. कंबरेतली कोणती तरी शीर धरते आणि मग उठताना डोळ्यांपुढं अंधार येतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं गावाचे कूलर वाकून तपासले त्याला स्वतःच्या घरचा कूलर रिकामा करता येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? रोशन सांगायचा, “बाबा, मी करतो,” आणि मी म्हणायचो, “तू राहू दे, तुले जमणार नाही, मी केलं.” केलेलं नसायचं. मागच्या उन्हाळ्यात ते तसंच खपलं. या वर्षी होळीपासून मी टाकीत वरून पाणी भरायचो आणि झाकणभर फिनाईल टाकायचो. अळी मरायची, पाणी बदलायची गरज उरायची नाही. वास झाकायला वाळ्याचं अत्तर दोन थेंब. कुणी विचारलंच तर नव्या ताट्यांचा वास आहे म्हणायचं.

मला त्यात काही गैरही वाटत नव्हतं. डॉक्टरच्या कागदावर ‘फरशी पुसायचं फिनाईल’ होतं, कूलरचं नव्हतं. आणि पाण्यात टाकलेलं औषध पाण्यातच राहतं, हे मी एकतीस वर्षं पाहिलेलं. नालीत तेल टाकलं, टाकीत थेंब टाकले, ते तिथंच राहिले. कूलरला पंखा असतो आणि तो हेच पाणी ताट्यांतून ओढून घरभर फेकतो, ही गोष्ट लहान लेकराला समजेल. माझ्या डोक्यात ती एकदाही आली नाही. माझं सगळं शास्त्र उघड्या नालीचं होतं.

त्यात आणखी एक झालं. मच्छरांचं मशीन गेलं तसे घरात मच्छर वाढले. जाळ्या लागल्या होत्या, पण दार कितीदा उघडतं. मी विचार केला, पोरीला मच्छर चावायला नको. म्हणून एका झाकणाची दोन झाकणं केली.

खोकला वाढला. आठवडा झाला, दहा दिवस झाले, फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे सगळं चाललं होतं आणि पोरगी पहिल्यापेक्षा वाईट होती. रात्री उठून बसायची. डॉक्टर मॅडमनी तोंडात ओढायचा पंप दिला. आठ वर्षांचं लेकरू पंप ओढताना पाहिलं आणि मला रडूच आलं. मी तोंड धुवायला म्हणून उठून गेलो. बाहेर आलो तो भूमिकावरच घसरलो, की तू शाळेतून येतेस ते कपडे न बदलता तिला जवळ घेतेस, खडूची धूळ असते. तेही तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या आल्या आंघोळ करायला लागली.

परीक्षा संपली तसं भूमिका म्हणाली, आठ दिवस माहेरी जाऊन येते. तिचं माहेर भिवापूरचं. तिच्या माहेरच्या घराला लागूनच मिरचीचा सातरा आहे. म्हणजे मोकळ्या मैदानात लाल मिरची वाळत घातलेली असते आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. तिथून नुसतं चालत गेलं तरी त्या तिखट धुळीनं, खकान्यानं, चांगला धडधाकट माणूस शिंकतो. मी कडाडून विरोध केला.

“अवं, त्या खकान्यात नेऊन तिले मारतं का?”

“इथं काय बरी होऊन राहिली, बाबा?” भूमिका म्हणाली. एवढंच म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नूपुर खोकत नाही. पंप दोन दिवसांत लागला नाही. पोरांसोबत सातऱ्याच्या कडेनं पळते, रात्री सलग झोपते. अंजनानं फोन ठेवला आणि डोळे पुसले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली. रोशन सोफ्यावर बसला होता. तो म्हणाला, “म्हणजे मिरचीचा खकाना सोसते तिले, हे घर सोसत नाही.” त्याच संध्याकाळी तो मनीषनगरला जाऊन फ्लॅट पाहून आला. दोन खोल्या, तिसरा मजला, तिन्ही बाजूंनी हवा. घरमालकानं पुढच्या रविवारपर्यंत हो की नाही सांगायला सांगितलं होतं.

बारा एप्रिलला दुपारी त्या दोघी परत आल्या. ऊन मी म्हणत होतं. ती नव्हती तेवढे दिवस आम्ही हॉलचा कूलर लावलाच नव्हता, आम्ही दोघं पंख्यावर भागवलं होतं. पोरगी उन्हातून येईल म्हणून मी तासभर आधी टाकी भरली, दोन झाकणं टाकली, अत्तर टाकलं आणि कूलर सुरू करून ठेवला. नूपुर आली ती चप्पल भिरकावून थेट कूलरसमोर जाऊन बसली. जाळीला नाक लावून ‘आऽऽऽ’ करायला लागली. पंख्यामुळं आवाज थरथरतो, त्याची तिला मोठी गंमत. मी पलंगावर बसून हसत होतो.

तिसऱ्या ‘आऽऽ’ला ती खोकली. मग पुन्हा खोकली. मग थांबेचना. दाराशी आल्याला पाच मिनिटं झाली नव्हती. भूमिका बॅगेतून पंप शोधत होती, रोशन माझ्याकडे पाहून म्हणाला, “पाहा,” आणि मी पाहत होतो. कूलरकडे पाहत होतो. ताट्यांतून पाणी गळत होतं, पंखा फिरत होता, आणि वाळ्याच्या वासाखाली दुसरा वास होता, जो मला ओळखीचा होता. पोरीला उचलून आतल्या खोलीत नेलं. दहा मिनिटांत ती शांत झाली.

अंजना त्याच वेळी मागच्या गॅलरीत गेली, अगरबत्तीचा पुडा आणि ती खोचायचं लाकडी घर घेऊन आली आणि पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवून दिलं. “आजपासून तेही नाही,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना बाजारात, रोशन ऑफिसात आणि भूमिका शाळेत गेल्यावर मी कूलर रिकामा करायला घेतला. आधी स्टुलावर बसून पाहिलं, हात पोचेना. मग गुडघे टेकून पाहिलं, कंबरेनं साफ नकार दिला. शेवटी मी सरळ गॅलरीच्या फरशीवर पोटावर आडवा झालो आणि बूच काढला. पांढुरकं पाणी माझ्या बनियनखालून वाहत मोरीकडे गेलं. पाच-सहा वेळा पाणी भरून सोडलं. ताट्या धुतल्या, आतून कापड फिरवलं, सगळं पडल्या पडल्या. तासाच्या वर लागला. काम झाल्यावर समजलं की उठता येत नाही. तसाच पडून होतो तर नूपुर आली.

“आजोबा, काय करून राहिले?”

“पाल पाहतो आहे. आत गेली.”

ती माझ्या शेजारी पोटावर झोपली आणि पाल शोधायला लागली. बऱ्याच वेळानं मी खिडकीचा गज धरून कसाबसा उठलो.

बाटलीत अजून पाव भाग फिनाईल उरलं होतं. ते मोरीत ओतायची हिंमत झाली नाही, वास येईल म्हणून. बाटली तिथंच ठेवून दिली.

चौदा एप्रिल आला. दरवर्षी त्या दिवशी आमच्या घरात पहाटेपासून अगरबत्तीचा वास असतो. अंजनानं पांढरं लुगडं नेसून मूर्तीसमोर फुलं ठेवली, मेणबत्तीही न लावता हात जोडले आणि वंदना म्हटली. माझी नजर तिच्याकडे जाईना. नूपुर निळा फ्रॉक घालून नाचत होती. तिला रात्रभर खोकला आला नव्हता.

पंधराला नाही, सोळालाही नाही. कूलर जोरात चालू, पोरगी समोर झोपलेली आणि श्वास स्वच्छ. रोशन म्हणाला, “म्हणजे अगरबत्तीच होती. आईनं बंद केली आन् बंद झालं. मनीषनगरवाल्याले रविवारी नाही म्हणून सांगून देतो.”

मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. नूपुर राहणार होती. माझं नाव शाबूत होतं. फ्रिजवरच्या कागदामुळं पोरगी बरी झाली असं रोशन शेजाऱ्यांना सांगत होता आणि त्यात माझं कौतुक होतं. तोंड बंद ठेवणं एवढंच माझं काम, आणि तोंड उघडलं तर रोशन त्या घरमालकाला हो म्हणेल अशी मला खात्री होती. मी त्याच्या जागी असतो तर म्हटलं असतं.

शुक्रवारी शेजारच्या यमुताई आल्या होत्या. अंजना त्यांना अगरबत्तीचे पुडे देऊन टाकत होती. मी पेपरामागं होतो, मला ऐकू येत होतं.

“छत्तीस वर्षं लावली बाप्पा,” अंजना म्हणाली. “माह्याच हातानं माह्या लेकराचा दम कोंडला. डोळे मिटून वंदना म्हणत होती आन् तिकडे ते खोकून राहिलं होतं. आता विहारात जाऊनच म्हणीन. घरात बसावसं वाटत नाही मले तिथं.”

यमुताई तिला समजावत होत्या.  बायकोनं छत्तीस वर्षांत माझ्यावर खापर फोडलं नाही असं एकही काम मला आठवत नाही, आणि हे एक, जे खरोखर माझं होतं, ते तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. ते मला सहन झालं नाही.

शनिवारी दुपारी जेवायला सगळे घरी होते. नूपुर जेवून खेळायला गेली तशी मी ताट बाजूला सारलं.

“अगरबत्तीनं काही झालेलं नाही,” मी म्हणालो. “कूलरमध्ये मी फिनाईल टाकत होतो. होळीपासून. आधी एक झाकण, मंग दोन. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टाकी धुतली, म्हणून ती बरी झाली.”

 मग भूमिकानं विचारायला सुरुवात केली, वर्गातल्या पोराला विचारावं तसं.

“किती दिवसांतून?”

“रोज. पाणी भरताना.”

“फिनाईल तर आपण फेकलं होतं.”

“एक बाटली ठेवली होती. आहे अजून. कूलरच्या मागं.”

ती उठली, बाटली आणली, फाटकाबाहेर ठेवून आली, हात धुतले आणि डॉक्टर मॅडमला फोन लावला. काय, किती, किती दिवस, सगळं सांगितलं. “हो मॅडम, आजोबाच टाकत होते,” असं ती शांतपणे म्हणाली. तिच्या बाटल्यांचे मी एकेक झाकण उघडून वास घेतले होते ते मला आठवलं, आणि तिनं ते बोलून दाखवलं नाही म्हणून जास्त लागलं.

अंजना माझ्याकडे पाहत होती. “मले दोन दिवस रडू दिलं तुमी,” ती म्हणाली.

रोशनचा आवाज चढला. “बाबा, एकतीस वर्षं तुमी लोकाले सांगितलं, कूलर रिकामा करा, कोरडा करा. लोकाच्या घरी जाऊन ओरडले तुमी. आन् घरचा एक कूलर रिकामा करणं तुमाले जड झालं?”

“हो,” मी म्हणालो. “जडच झालं. मले वाकता येत नाही, रोशन. दोन वर्षं झाली. तुमाले समजू नये म्हणून टाकत होतो.”

मला वाटलं होतं, हे ऐकून सगळे चमकतील. कुणीच चमकलं नाही. रोशननं भूमिकाकडे पाहिलं आणि भूमिकानं ताटाकडे.

“ते आमाले माहीत आहे, बाबा,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“तुमचे मोजे रोज पलंगावर कोण ठेवते? तुमचे कपडे कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते, ते वरच्या कप्प्यात कोणं आणले?”

“पेपर दारात पडते,” अंजना म्हणाली. “तुमी उठाच्या आधी मी तो उचलून टेबलावर ठेवते. दोन वर्षांत एकदा तरी तुमी खालून उचलला का?”

मोजे पलंगावर असतात हे मी रोज पाहत होतो. पेपर टेबलावर असतो हेही पाहत होतो. मला वाटायचं, माझं कसं व्यवस्थित निभतं आहे.

“मंग बोललं काहून नाही कोणी?” मी विचारलं.

“तुमाले वाईट वाटन म्हणून,” अंजना म्हणाली. “कूलर मी केला म्हणत होते तुमी, तर तेही कोणी खोदून विचारलं नाही.”

म्हणजे त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून तोंड बंद ठेवलं आणि मी माझी इज्जत जाऊ नये म्हणून. महिनाभर त्या पोरीच्या छातीत शिट्टी वाजत होती ती एवढ्यासाठी. जी गोष्ट लपवायला मी हे सगळं केलं ती लपलेलीच नव्हती. फिनाईलची लाज मला आठवडाभर वाटतच होती, पण या गोष्टीनं मी पार खाली बसलो. 

रोशन बराच वेळ येरझारा घालत होता. शेवटी तो भूमिकाला म्हणाला, “तू सांग. मी उद्या त्या माणसाले काय सांगू?”

“जायचं नाही,” भूमिका म्हणाली. “पण नूपुर आता हॉलमध्ये झोपणार नाही. आमच्या खोलीत झोपन. बाबा, तुमाले राग आला तरी चालन. मले भरवसा याले वेळ लागन.”

मला राग आला नाही. ती बरोबर बोलत होती. वाईट मात्र फार वाटलं.

संध्याकाळी नूपुर खेळून आली. तिला सांगितलं तेव्हा तिनं थोडी कुरकुर केली, मग आपली उशी बगलेत मारली आणि गादीचं एक टोक धरून ओढायला लागली. गादी तिच्यानं हलेना.

“आजोबा, धरा ना तिकडून,” ती म्हणाली.

मी पलंगावरून उठलो. गादीचं दुसरं टोक माझ्या पायाशी होतं, जमिनीवर. सगळे हॉलमध्ये होते. अंजना कांदे निवडत होती, भूमिका वह्या तपासत होती.

“माह्यानं वाकवत नाही बेटा,” मी म्हणालो. “रोशन, तू उचल गा.”

रोशन आला आणि त्यानं गादी उचलली.